सहीच्या रकान्यातलं तुमचं नाव

‘‘हुशार होता राव दत्ताभाऊ. त्या एका पेनड्राइव्हनं घालवला.’’

माझ्या खुर्चीमागे आपल्या कंपनीतल्या लाइनवरचे दोघे उभे होते. त्यांतला एक हळू आवाजात असं म्हणाला. दुसरा म्हणाला, ‘‘मनाला लावून घेतलं त्यानं. दोन शिफ्टचा माल परत आला, आन् रजिस्टरात सही ह्याची.’’ मग दोघेही गप्प झाले, कारण समोर माइकवर तुमच्या गावचे माजी सरपंच उभे राहिले होते आणि त्यांनी ‘कैलासवासी दत्तात्रय सांडभोर’ असं म्हणून सुरुवात केली होती.

सर, हे तुमच्या दशक्रियेच्या सकाळचं सांगते आहे. राजगुरुनगरला, नदीच्या घाटावर. मी निगडीहून दोन बस बदलून आले होते. दशक्रियेला मी पहिल्यांदाच आले. बायका कुठे बसतात, चप्पल कुठे काढायची, काही माहीत नव्हतं. आधी प्रवचन होतं, मग माइकवरून एकामागून एक श्रद्धांजलीची भाषणं होतात आणि सगळा गाव ती बसून ऐकतो, हेही माहीत नव्हतं. एकाने सांगितलं की शाळेचं सगळं वायरिंग तुम्ही सुट्टीच्या दिवशी येऊन करून दिलं होतं. एकजण म्हणाला, तुम्ही चाकणला मोठ्या कंपनीत मोठे साहेब होतात. तुमच्या आयकार्डावर ‘सीनियर टेक्निशियन’ लिहिलेलं होतं आणि तुम्ही ते कायम उलटं घालायचात. ते भाषण ऐकून तुम्ही मिशीतल्या मिशीत हसला असता.

मागच्या दोघांकडे मी वळून पाहिलं नाही. असं न वळता बसून राहणं मला किती चांगलं जमतं, ते तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही.

मी कंपनीत लागले त्या आठवड्यात तुम्ही मला खाली लाइन दाखवायला नेलंत. गाड्यांच्या पाइपांचे जोड बनतात ते मला माहीत होतं. ते शेवटी कसे तपासतात ते तुम्ही दाखवलंत. जोडात हवा भरायची, ती किती गळते ते मशीन मोजतं, ठरलेल्या मर्यादेबाहेर गळली की लाल दिवा. तुम्ही एक चांगला आणि एक फुटका जोड लावून दोन्ही दिवे पेटवून दाखवलेत. मला मात्र आजूबाजूला थांबलेले हात आणि वळलेल्या माना तेवढ्या दिसत होत्या. त्यानंतर मी खाली येणं टाळू लागले. तुम्ही कधी विचारलं नाहीत. पण पॅकेज तयार झालं की मी पेनड्राइव्ह घेऊन खाली यायचं असा रिवाज असताना, तुम्हीच वर यायला लागलात. जिन्यात तुमचा गुडघा वाजायचा. मला तो आवाज ओळखू यायला लागला होता.

वर सॉफ्टवेअरची मी एकटी. सहा मशीनच्या फाइली गोळा करून मशीनला देण्याजोगं पॅकेज बनवायचं, ज्याला आम्ही बिल्ड म्हणतो, ते माझं काम. लाइनवरची मशीनं नेटवर्कला जोडलेली नाहीत, म्हणून ते पॅकेज पेनड्राइव्हवर खाली न्यायचं, मशीनमध्ये भरायचं आणि रजिस्टरमध्ये सही करायची, हे तुमचं. सही भरणाऱ्याची. लिहिणाऱ्याचं नाव रजिस्टरात कुठेच येत नाही, त्याला रकानाच नाही. हा नियम कुणी केला कोण जाणे. मी आले तेव्हा त्या रजिस्टरच्या चार वह्या भरलेल्या होत्या आणि बहुतेक पानांवर तुमचीच सही होती, मराठीत, ‘द. सां.’ आणि खाली दोन ठिपके.

आपलं पहिलं भांडण तुम्हाला आठवत असेल. भांडण म्हणजे तुम्ही बोललात आणि मी मान हलवली. गळतीची मर्यादा एका छोट्या फाइलमध्ये असते. मशीनं सहा, त्यांचे फोल्डर सहा, आणि प्रत्येकात तीच फाइल. मला ते बघवत नव्हतं. उद्या मर्यादा बदलली आणि पाच ठिकाणी सुधारून सहावी राहिली तर? मी म्हटलं, पाच फाइली काढून टाकू आणि त्या जागी सिम्लिंक ठेवू.

‘‘म्हंजे काय ठेवनार, मॅडम?’’

‘‘फाइल नसते ती. फाइल कुठे आहे ते सांगणारी खूण असते. उघडली की कॉम्प्युटर आपोआप मूळ फाइलकडे जातो.’’

तुम्ही थोडा वेळ छताकडे बघितलंत. ‘‘चाकण चौकातली पाटी. राजगुरुनगर, आन् बाण.’’

‘‘हो, तसंच.’’

‘‘मंग ती पाटी उपटून पेनड्राइव्हवर घातली, तर खाली गाव जाईल का पाटी जाईल?’’

मी म्हटलं, ‘‘बघते, सर.’’ मनात म्हटलं, माझ्या लॅपटॉपवर चालतं ते लिनक्स यांनी कधी पाहिलेलं नाही, यांना काय सांगायचं. माझ्या शाळेत आम्ही मराठीत बोललो तर दंड होता. तुमच्या बोलण्यातलं ‘न्हाई’ आणि ‘व्हय’ ऐकलं की माझ्या डोक्यात काहीतरी आपोआप बंद व्हायचं. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मला ते कळतही नव्हतं.

एका बुधवारी, बस सुटायला दहा मिनिटं असताना, मी ते बदललं. पाच फाइली काढल्या, पाच लिंक ठेवल्या. माझ्या लॅपटॉपवर बिल्ड व्यवस्थित झाला. बदलाच्या नोंदीत इंग्रजीत तीन शब्द लिहिले. खाली येऊन तुम्हाला सांगायला हवं होतं, तेवढं मला तेव्हाही कळत होतं. जिन्याच्या तोंडापर्यंत आले होते. खाली शिफ्ट बदलत होती, दारात गर्दी होती. मी दुसऱ्या दाराने बसकडे गेले.

गुरुवारी सकाळी मी यायच्या आत तुम्ही वरच्या कॉमन कॉम्प्युटरवर ते पॅकेज उतरवून घेतलंत. तो विंडोजवर चालतो आणि त्याला लिंक बनवायची परवानगीच नव्हती. अशा जागी लिंक आली की तिची साधी मजकुराची फाइल होते. नाव तेच, जागा तीच, आत फक्त एक ओळ, मूळ फाइलचा पत्ता. तुम्ही नेहमीसारखं स्क्रीनवर बोट ठेवून एकेक नाव तपासलं असणार. सगळी नावं जागच्या जागी होती. तुम्ही खाली गेलात, मशीनमध्ये पॅकेज भरलंत, सही केलीत. पाच मशीनच्या प्रोग्रामांना ती एक ओळ वाचता आली नाही, आणि वाचता आली नाही की ते मशीन बनवणाऱ्यांनी आधीच घालून दिलेली ढिली मर्यादा धरतात. त्या पाचांवर लाल दिवा लागणं बंद झालं. खाली लोक खूश होते म्हणे. ‘‘दत्ताभाऊ, काय नवस केला काय, आज एक बी रिजेक्शन न्हाई.’’

शंका तुम्हालाच आली. शुक्रवारी सकाळी तुम्ही भंगारातून एक फुटका जोड आणून मुद्दाम मशीनवर लावलात. हिरवा दिवा. तुम्ही स्वतः जाऊन लाइन बंद केलीत. पण दोन शिफ्टचा माल तोवर कस्टमरकडे पोचला होता.

मीटिंगमध्ये कस्टमरचा माणूस होता, आपले मॅनेजर भोसले साहेब होते, तुम्ही होतात, आणि मी भिंतीकडेच्या खुर्चीवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन. भोसले साहेबांनी विचारलं, ‘‘लोड कोणी केलं?’’ कुणीतरी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे सरकवलं.

‘‘मी केलं,’’ तुम्ही म्हणालात.

‘‘चेक केलं होतंत?’’

‘‘नावं चेक केली. उघडून बघितलं न्हाई.’’

तुम्ही तेव्हा एकदाच माझ्याकडे पाहिलंत. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. माझ्या डोक्यात वाक्य जुळत होतं, आधी इंग्रजीत, मग वाटलं मराठीत बोलावं, मग पुन्हा इंग्रजीत. ते जुळेपर्यंत विषय पुढे गेला होता. माल कुठे उतरवायचा, तपासायला माणसं कुठून आणायची यावर सगळे बोलत होते. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.

लाइनजवळच्या खांबावर, मशीनमध्ये सॉफ्टवेअर भरायला कुणाकुणाला परवानगी आहे त्यांच्या नावांचा कागद असतो. तुमचं नाव सगळ्यांत वर होतं. त्यावर लाल पेनने रेघ मारली गेली. नवा कागद नाही काढला, रेघच मारली. येता-जाता सगळ्यांना दिसायची. आणि तुम्हाला वर पाठवलं, कागदपत्रं सांभाळायला, माझ्या शेजारच्या टेबलावर.

पहिल्या दिवशी तुम्ही डबा उघडलात, मासवडी काढलीत, डब्याच्या झाकणात चार तुकडे ठेवून माझ्याकडे सरकवलेत आणि म्हणालात, ‘‘आता हे परत होऊ नये त्याचं बघू. तू लिही, मी सांगतो.’’ ‘मॅडम’चं ‘तू’ झालं ते त्या दिवशी.

सर, मला नोकरीत सगळ्यांत जास्त शिकायला मिळालं ते त्या पाच महिन्यांत. आपण बिल्ड बनवणारा प्रोग्राम, म्हणजे आपलं टूल, नव्याने बांधायला घेतलं, लिंक चालत नाहीत अशा मशीनवरही जे फसणार नाही असं. मी पहिल्यांदा जे लिहिलं ते सरळ होतं: विंडोज असेल तर कॉपी कर, लिनक्स असेल तर लिंक ठेव. तुम्ही वाचायला लावलंत आणि म्हणालात, ‘‘नाव काय इचारती त्याला? करून बघ.’’ मला कळलं नाही. मग तुम्ही मला त्या कॉमन कॉम्प्युटरपाशी नेलंत. आपण परवानगी चालू करून घेतली, त्याच्या ड्राइव्हवर लिंक बनवली, बनली. त्याच कॉम्प्युटरला लावलेल्या पेनड्राइव्हवर बनवायला गेलो, नाही बनली. ‘‘बघ. एकाच घरात एक व्हय म्हनतो, एक न्हाई म्हनतो. घराच्या नावावरनं काय कळनार?’’ तेव्हापासून आपलं टूल कुणाला नाव विचारत नाही. जिथे फाइल जायची तिथे आधी एक खोटी लिंक बनवून बघतं, तिच्यातून वाचून बघतं, बरोबर वाचता आलं तरच लिंक ठेवतं, नाहीतर खरी फाइल नेऊन ठेवतं. प्रत्येक कॉपीपाशी ती कुठून आली त्याची नोंद ठेवतं. आणि एखाद्या फाइलमध्ये मर्यादेऐवजी नुसता पत्ता सापडला तर तिथेच थांबतं, मराठीत निरोप देतं. तो निरोप तुम्ही सांगितलात तसा लिहिला आहे: ‘ही फाइल नाही, पाटी आहे. भरू नका.’

मग ती दुपार. टूल तयार झालं होतं आणि ते खरंच पकडतं का ते बघायचं होतं. तुम्ही म्हणालात, ‘‘त्या दिवशी जसं व्हतं तसं करून दे. मंग चालवू.’’ मी खुर्ची ओढली आणि करून दिलं. कुठल्या पाच फोल्डरमधली फाइल काढायची, लिंक कुठून कुठे जायची, मला काही बघावं लागलं नाही. हात आपोआप चालले. दोन मिनिटंही लागली नसतील. हात थांबल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय केलं.

तुम्ही माझ्या मागे उभे होतात. ‘‘पाच,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘बरोबर.’’

मी स्क्रीनकडेच बघत होते.

‘‘काही सांगायचंय का?’’

‘‘नाही, सर.’’

‘‘बरं. च्या घेऊ.’’

आपण खाली टपरीवर गेलो. तुम्ही तुमच्या पुतणीच्या लग्नाचं सांगत होतात. नवरदेवाला हार घालताना तिची बांगडी त्याच्या शेरवानीच्या बटणात अडकली आणि वाजंत्री थांबेपर्यंत सुटली नाही, असं काहीतरी. मी हसले. तुम्ही माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघून बोलत होतात.

तुम्हाला सगळं आधीपासून माहीत होतं. बदल कुणी केला ते कॉम्प्युटरच्या नोंदीत असतं, माझ्या नावाने, माझ्या तीन इंग्रजी शब्दांसकट. तुम्ही ती नोंद त्या शुक्रवारीच, मीटिंगच्या आधी, उघडली होती, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. त्या कॉम्प्युटरवर कोणी कधी काय उघडलं तेही लिहिलेलं राहतं. म्हणजे मीटिंगमध्ये ‘मी केलं’ म्हणालात तेव्हा तुम्हाला माहीत होतं. मी यावर पुष्कळ विचार केला. तुम्ही मला वाचवलंत असं म्हटलं की मला रडू येतं आणि जरा बरंही वाटतं, म्हणून मी तसं म्हणत नाही. मला वाटतं तुमच्या लेखी ते खरंच होतं. तुम्ही भरलंत, तुम्ही सही केलीत, म्हणून तुम्ही केलंत. बाकीचं मी सांगायचं होतं. तुम्ही माझ्या वाट्याचं बोलला नाहीत, एवढंच. पाच महिने शेजारी बसून थांबलात.

आपला शेवटचा वाद अर्धाच राहिला. खाली कुणी मशीनमधली कॉपी हाताने बदलली असेल, तर टूलने काय करायचं? मी म्हणत होते, वरून नवी फाइल घालायची, मूळ ते मूळ. तुम्ही म्हणत होतात, थांबायचं आणि विचारायचं. ‘‘खालच्यानं बदललं असंल तर उगा न्हाई बदललं. आधी त्याला इचार, का बदललं.’’ मी म्हटलं, सर, प्रत्येक वेळी विचारत बसलं तर काम कधी होणार? तुम्ही म्हणालात, तुला इचारायचाच कंटाळा हाय. तुम्ही चेष्टेने म्हणालात. मला लागलं, आणि दोन दिवस मी कामापुरतंच बोलले. तुम्ही गेल्यावर मी टूलची ती फाइल उघडली. त्या जागी तुम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून ठेवलं होतं: ह्यावर सोमवारी बोलू. तो सोमवार आला तेव्हा तुमच्या टेबलावर डब्याची पिशवी नव्हती आणि तुम्ही गेल्याचा एच.आर.चा निरोप होता.

घाटावर मला काकूंनी ओळखलं. मी कधी त्यांना भेटले नव्हते. त्यांनी माझा हात धरून शेजारी बसवलं. ‘‘तू ईशा ना? लई नाव घ्यायचे तुझं. पोरगी हुशार हाय, पर बोलत न्हाई, म्हनायचे.’’ मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘‘कंपनीत त्यांच्या हातनं काय चुकलं, मला कधी सांगितलं न्हाई बघ. लोक काय काय बोलत्यात. पोराला बी कुनीतरी बोललं. ह्यो आता त्यांच्याच कामात जायचंय म्हनतो, मला नको वाटतं. बापाचं नाव तसं झाल्यावर.’’ तुमचा मुलगा मुंडण केलेलं डोकं खाली घालून समोर बसला होता. त्याचे हात तुमच्यासारखे आहेत, अंगठे रुंद.

मी काकूंना काहीच बोलले नाही. म्हणजे तेव्हाही नाही. मनात म्हटलं, नंतर घरी जाऊन सांगेन, निवांत. पत्र लिहीन. असं मला नेहमी सुचतं.

त्यानंतर ती भाषणं आणि मागच्या दोघांचं ते बोलणं.

सरपंचांचं झाल्यावर सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी हातातली चिठ्ठी पाहिली. ‘‘कंपनीच्या वतीनं कुणी दोन शब्द बोलणार असतील तर पुढं यावं.’’ भोसले साहेब आले नव्हते. मागे कुजबुज झाली. ‘‘तू जा.’’ ‘‘मी न्हाई बाबा, तूच जा.’’ गुरुजी वाट बघत होते. समोर निम्मा गाव बसला होता, बहुतेक पुरुष, पांढरे कपडे, आणि त्यांच्या पलीकडे नदी. पुढच्या वक्त्याचं नाव घ्यायला गुरुजींनी माइक तोंडाजवळ नेला.

मी उठले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मोठा झाला. दोन रांगांमधून जाताना माना वळल्या. मी पुढे जात राहिले. गुरुजींनी विचारलं, ‘‘आपण?’’ मी नाव सांगितलं. त्यांनी माइक माझ्या उंचीला खाली केला. या वेळी मी वाक्य आधी जुळवलं नाही. लाइनवरचे ते दोघे मला तिथून दिसत होते, आणि संध्याकाळपर्यंत हे भोसले साहेबांपर्यंत पोचणार हेही दिसत होतं. मी काकूंकडे पाहिलं, मग तुमच्या मुलाकडे. त्याने मान वर केली होती.

सर, मी काय म्हणाले ते तुम्हाला कळायला हवं म्हणून हे सगळं लिहिलं. मी म्हणाले:

‘‘त्या दिवशी मशीनमध्ये जे भरलं गेलं ते मी बदललं होतं. सरांनी मला आधी सावध केलं होतं. मी ऐकलं नाही आणि त्यांना सांगितलंही नाही. मीटिंगमध्ये मी तिथेच बसले होते आणि गप्प राहिले. कंपनीत जाऊन मी हे उद्या लिहून देणार आहे. चूक माझी होती. सरांची फक्त सही होती.’’